चिवड्याचं पाकीट आणि सहाव्या आठवड्याची बस

(दृश्य : मंगल कार्यालयाची गच्ची. ताडपत्रीवर पसरलेले पातळ पोहे, कोपऱ्यांवर विटा.)

दिवाळीला दहा दिवस उरलेत. तालुक्याच्या गावातलं हे मंगल कार्यालय सध्या लग्नाच्या तिथी नसल्यामुळे रिकामं आहे. गच्चीवर 170 किलो पातळ पोहे उन्हात पडलेत. लायन्स क्लबचा हा दिवाळी फराळ. यातून जे उरेल, त्यावर डिसेंबरातलं मोतीबिंदू शिबिर उभं राहायचंय. पोहे सादळले तर शिबिरातली रुग्णांना नेणारी एक बस कमी होते, इतका हा हिशेब सरळ आहे.

पावसाळ्याची ओल पोह्यांत दडून बसलेली असते. हाताला कोरडे लागतात, कढईत पडले की आकसतात आणि चिवट होतात. म्हणून दोन तास कडक ऊन, मग मंद आचेवर भाजणं, तेही एका वेळी दीड-दोन किलोच. घाईत आच वाढवली की पोहा वळतो, गोळा होतो. मग त्यात कितीही तेल ओता, तो कुरकुरीत होत नाही.

(दृश्य : काट्यावर मोजली जाणारी सामग्री. हात जवळून.)

मिश्रणाचा हिशेब 10 किलो पोह्यांवर बांधलेला आहे. त्याला शेंगदाणे अडीच किलो, डाळं दोन किलो, सुक्या खोबऱ्याचे काप एक किलो, तेल अडीच लिटर. हिरवी मिरची अर्धा किलो, कढीपत्ता पाव किलो, हळद 80 ग्रॅम, मीठ 250 ग्रॅम, पिठीसाखर 400 ग्रॅम. असा एक घाणा साधारण 18 किलोचा उतरतो. 17 घाण्यांचे 306 किलो होतात. पाकिटं विकायची 600, अर्ध्या किलोची. वरचे सहा किलो सांडण्यात, चव बघण्यात आणि तळाच्या चुऱ्यात जातात, ते आधीच धरायचे. जो क्लब ही घट धरत नाही, त्याची शेवटची दहा-बारा पाकिटं वजनाला कमी भरतात. आणि गिऱ्हाईक नेमकं तेच पाकीट काट्यावर ठेवतं.

चिवडा मऊ पडला की दोष बहुतेक कढीपत्त्याचा असतो. धुऊन तसाच फोडणीत टाकलेला पाला बाहेरून तळलेला दिसतो, आतून ओला राहतो आणि दोन दिवसांत सगळं पाकीट सादळवतो. आदल्या रात्री धुवायचा, पंख्याखाली कापडावर पसरायचा, सकाळी चुरचुरला पाहिजे. मिरचीचंही तसंच. तुकडे कडक होईपर्यंत तळायचे.

दुसरी चूक पॅकिंगची. रात्र झालेली असते, सगळे दमलेले असतात आणि कोणीतरी कोमट चिवडा भरायला घेतं. पिशवीच्या आतून वाफ धरते, ती थेंब होऊन खाली उतरते. घाणा पूर्ण गार व्हायला पसरून तीन तास द्यावे लागतात. आणि भरताना घमेलं तळापासून हलवत राहायचं. दाणे, डाळं आणि मसाला खाली बसतो. नाहीतर पहिल्या पाकिटात नुसते पोहे आणि शेवटच्यात नुसते दाणे. तक्रार दोघांचीही येते, फक्त शेवटचा ती हसत करतो.

लेबलावर घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक. काम सेवेचं असलं तरी कायदा तोच. वर्षाची उलाढाल ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. पण ती महिनाभर आधी करून ठेवायची, धनत्रयोदशीला नाही.

(दृश्य : जुने पेपर बांधणारी मुलं, तागडीला टांगलेला गठ्ठा.)

पोहे, तेल, दाणे आणायला भांडवल लागतं. ते येतं रद्दीतून. नवरात्राआधी घरोघर साफसफाई निघते, तेव्हा सभासदांची मुलं आणि कॉलेजातले स्वयंसेवक टेम्पो घेऊन फिरतात. वर्तमानपत्रं वेगळी, वह्या-पुस्तकं वेगळी, पुठ्ठा वेगळा. प्रत्येकाचा दर निराळा आणि मिसळलेल्या मालाला सगळ्यात कमी दर. वह्यांतली कोरी पानं आधी फाडून ठेवायची, त्यांच्या शिवलेल्या वह्या शाळेत चालतात. वजन देणाऱ्यासमोर करायचं आणि आकडा त्याच्यासमोरच वहीत चढवायचा.

(दृश्य : कूपन-बुकं. एका पानाची स्थळप्रत.)

विक्री सगळी आगाऊ कूपनांवर. प्रत्येक सभासदाला 20 कूपनांचं एक बुक, क्रमांकवार, स्थळप्रतीसह. न खपलेली कूपनं चिवडा करायला बसण्याच्या चार दिवस आधी परत. ही तारीख ढिली पडली की घाणे किती काढायचे ते कळत नाही. पैसे घ्यायचे ते क्लबच्या खात्याच्या क्यूआर कोडवर. खजिनदाराच्या खाजगी फोनवर घेतलेले पैसे कितीही प्रामाणिक असले तरी मार्चअखेर ते वेगळे काढताना डोकं फिरतं. आणि उधारी नाही. ‘नंतर देतो’ म्हणणारे बहुतेक वेळा सभासदच असतात.

काही गिऱ्हाइकं 80जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी पावती मागतात. ती देता येत नाही. चिवडा विकत घेतला म्हणजे खरेदी झाली, देणगी नाही. ज्याला खरंच देणगी द्यायची आहे त्याची पावती वेगळी फाडायची. ती मिळणार नोंदणीकृत ट्रस्टच्या नावाने, आणि रोख 2000 रुपयांच्या वर असेल तर त्याला करसवलत मिळत नाही, हे देण्याआधीच सांगायचं.

लायन्समध्ये दोन खाती असतात, एक प्रशासकीय आणि एक सेवाकार्याचं. लोकांकडून सेवेच्या नावाने आलेला पैसा सेवेकडेच जातो. सभागृहाचं भाडं, पदग्रहणाचं जेवण, पाहुण्यांचे पुष्पगुच्छ हे सगळं सभासदांच्या वर्गणीतून. क्लबमध्ये ‘टेल ट्विस्टर’ नावाचं एक मजेशीर पद असतं. सभेत उशिरा आलेल्याला, बिल्ला विसरलेल्याला हा माणूस पाच-दहा रुपये दंड करतो. तो दंडही सभासदांच्याच खिशातला, म्हणून प्रशासकीय खात्यात. फ्लेक्सचा प्रश्न दर वर्षी निघतो. पंधरा चेहऱ्यांचा फ्लेक्स चिवड्याच्या पैशातून छापला तर तो नियमाला धरून नाही, आणि शोभूनही दिसत नाही.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

डोळ्यांचं काम या संघटनेकडे आलं ते 1925 साली. शिकागोत 1917 मध्ये मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाच्या पुढाकाराने ती सुरू झाली होती. आठ वर्षांनी ओहायोतल्या सीडर पॉइंटच्या अधिवेशनात अंध-बधिर लेखिका हेलन केलर यांनी सभासदांना अंधत्वाविरुद्ध उभं राहायचं आवाहन केलं. भारतातला पहिला क्लब 1956 मध्ये मुंबईत निघाला. पुढे 1976 मध्ये केंद्र सरकारचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि गावोगावचे क्लब, धर्मादाय नेत्र रुग्णालयं आणि सरकारी यंत्रणा यांची सांगड बसत गेली.

(दृश्य : मे महिना. शाळेच्या खोलीत खाटा, निळ्या द्रावणाची काचेची नळी.)

सगळ्याच कामांना चिवडा लागत नाही. रक्तदान शिबिराला पैसा फार जात नाही, लागतात माणसं आणि मोबाइल. मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावी गेलेले, म्हणून रक्तपेढ्यांची फडताळं याच दिवसांत रिकामी होतात. शिबिर तेव्हाच.

दात्याचं वय 18 ते 65. वजन निदान 45 किलो. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. द्रावणाची घनता 1.053 ठेवलेली असते. थेंब 15 सेकंदांच्या आत सरळ तळाला गेला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर आहे. मध्येच घुटमळला किंवा वर आला तर त्या दात्याला आज परत पाठवायचं. तो हिरमुसतो. त्याला चहा-बिस्किटं द्यायची आणि डॉक्टरांकडे जायचा सल्लाही. पुरुषांना पुढचं दान तीन महिन्यांनी, बायकांना चार.

भोवळ येते ती बहुतेक करून तीन कारणांनी. उपाशी पोट, उकाडा, आणि दान झाल्याबरोबर टुणकन उठणं. म्हणून स्वयंसेवकाचं मुख्य काम खाटेपाशी नसून खुर्च्यांपाशी असतं. दान झालेल्याला पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं, सरबत संपेपर्यंत सोडायचं नाही. पडला तर पाय वर, डोकं खाली, भोवतालची गर्दी दूर.

300 पिशव्यांचा विक्रम करायची हौस पुष्कळांना असते. लाल पेशी जास्तीत जास्त 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स पाच. एका दिवसात डोंगर जमला की त्यातलं काही वाया जातं, आणि दीड महिन्याने पुन्हा तुटवडा. रक्तपेढीला विचारून तीन-तीन महिन्यांनी 60 पिशव्या दिलेल्या बऱ्या. त्याची बातमी छोटी येते, एवढंच.

(दृश्य : बाजाराचा दिवस. भोंगा लावलेली रिक्षा. मग शाळेचा व्हरांडा, रांगेत बसलेले वृद्ध.)

आता डिसेंबर. सोयाबीन घरात आलंय, ऊस कारखान्याला चाललाय, म्हाताऱ्या माणसाला घेऊन यायला घरच्यांना एक दिवस सवड आहे. तपासणी शाळेत, ऑपरेशन मात्र रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्येच. शाळेत टेबलं मांडून ऑपरेशन करायचे दिवस गेले. जंतुसंसर्गाने एका दिवसात कित्येक डोळे जाऊ शकतात.

पहिलं टेबल नोंदणीचं, दुसरं नजर तपासणीचं. तक्त्यापासून सहा मीटर टेपने मोजून खडूने रेघ ओढायची. पावलांनी मोजलेलं अंतर कमी भरतं आणि नजर आहे त्याहून चांगली निघते. अक्षरओळख नसलेल्यांसाठी चार दिशांना तोंड केलेल्या इंग्रजी ‘ई’चा तक्ता. ‘ई’ची बोटं कुठल्या बाजूला ते हाताने दाखवायचं. एक डोळा झाकायला तळहात चालतो, पण बोटांच्या फटीतून बघणारे असतात. पुठ्ठा बरा. हे काम अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणानंतर स्वयंसेवक करू शकतात. बाहुली मोठी करायचे थेंब मात्र वैद्यकीय माणसानेच घालायचे, कारण काही डोळ्यांत त्याने काचबिंदूचा झटका येऊ शकतो. थेंब घातले की चार-सहा तास धूसर दिसतं. एकट्या आलेल्या आजोबांना तसंच एसटी स्टँडवर सोडलं तर ते दुसऱ्याच गावच्या गाडीत चढतात.

निवड झालेल्यांचा रक्तदाब, साखर, अश्रुपिशवी धुऊन तपासणी, भिंगाच्या नंबराचं माप. साखर चढलेली असेल, डोळ्यातून पू येत असेल, खोकला थांबत नसेल, तर ऑपरेशन पुढे.

बसमध्ये 40 जागा असल्या तरी रुग्ण 18 ते 20 एवढेच. प्रत्येकामागे घरचं एक माणूस. सोबत आधार कार्डाची प्रत, चालू गोळ्यांची पाकिटं, धुतलेले कपडे. आणि आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ, कारण नंतर काही दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही.

(दृश्य : डोळ्याला पट्टी, हातात थेंबांची बाटली.)

ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांत होतं. पुढचा दीड महिना थेंबांचा. सुरुवातीला दिवसातून सहा वेळा, मग आठवड्याआठवड्याला एकेक कमी. स्वयंसेवक प्रत्येक घरात भिंतीवर चौकोनांचा कागद चिकटवतात. थेंब घातला की चौकोनावर फुली. हात धुऊन, बाटलीचं टोक पापणीला न लावता. दुखायला लागलं, डोळा लाल झाला किंवा दिसत होतं ते कमी झालं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. त्यासाठी कागदाच्या वरच फोन नंबर, मोठ्या आकड्यांत.

शिबिराचे फोटो निघतात ते इथपर्यंतच. पण पैसे ठेवावे लागतात पुढच्या फेऱ्यांचे. एक फेरी आठवड्याने, एक सहाव्या आठवड्यात. पुष्कळ शिबिरं इथेच अडतात. नवीन भिंग बहुधा लांबचं स्पष्ट दिसेल अशा नंबराचं बसवतात, त्यामुळे जवळचं धूसर राहतं. जखम भरून नंबर स्थिरावायला वेळ लागतो, म्हणून चष्मा सहाव्या आठवड्यात. तोवर आजी सगळ्यांना सांगत असतात की ऑपरेशन बिघडलं, रस्त्यावरची म्हैस दिसते पण सुईत दोरा जात नाही. पुढच्या वर्षी त्या वाडीतून कोणी शिबिराला येत नाही.

म्हणून फराळाचे पैसे हाती आले की सगळ्यात आधी बाजूला पडतं ते या दोन फेऱ्यांचं डिझेल आणि चष्म्यांची रक्कम. थाळ्या, मंडप, रिक्षाचा भोंगा हे नंतर.

(दृश्य : फेब्रुवारी. रुग्णालयाच्या बाकावर स्टीलचं ताट, त्यात मूठभर तांदूळ.)

इथे जवळच्या नजरेच्या तक्त्याबरोबर एक ताटही ठेवलेलं असतं. तांदळात चार खडे मुद्दाम टाकलेले. अडीच नंबरचा चष्मा चढवून आजी ताट मांडीवर घेतात. पहिला खडा लगेच. दुसरा, तिसरा. चौथ्याला बोट थोडं थबकतं, मग तो तांदूळच आहे म्हणून सोडून देतात आणि शेजारचा उचलतात.

बाहेर बसचा चालक हॉर्न देतोय. अजून अकरा जणांचे चष्मे द्यायचेत.