आत्ता आत किती माणसं आहेत?

नमस्कार, श्रोतेहो. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर किंवा बायपासला, कुठल्याही बांधकामाच्या फाटकावर जा आणि चौकीदाराला एवढंच विचारा: आत्ता आत किती माणसं आहेत? उत्तर बहुधा येईल, "असतील साठ-सत्तर." त्या 'असतील'बद्दलच आज बोलायचंय.

उत्तराखंडचा सिलक्यारा बोगदा आठवतो ना? 12 नोव्हेंबर 2023, ऐन दिवाळीची पहाट. बोगदा मध्येच ढासळला आणि मजूर पलीकडे अडकले. किती? 40. बातम्यांत 40, पानाच्या टपरीवर 40. अरुंद नळीतून हवा जात होती, चणे आणि सुका मेवा जात होता. पाच दिवस उलटून गेले, आणि मग कळलं की आत 41 जण आहेत! बिहारचा एक मजूर मोजणीतच नव्हता. पुढे ढिगाऱ्यात आडवं भोक पाडणारं परदेशी बनावटीचं ऑगर यंत्र अडकून पडलं, शेवटचे काही मीटर 'रॅट होल' कामगारांनी, म्हणजे उंदराच्या बिळासारख्या अरुंद वाटा खणणाऱ्यांनी, हातानं खणले आणि 28 तारखेला सगळेच्या सगळे 41 जिवंत बाहेर आले. (यंत्रांचं कौतुक आपण जरा जास्तच करतो, असो.) तिथं आतली माणसं निदान नळीतून बोलू शकत होती. स्लॅबखाली दबलेला माणूस बोलेलच असं नाही. तिथं हजेरीची वहीच सांगणार, आत किती माणसं आहेत.

आता करायचं काय? माणसांना येण्याजाण्याची वाट एकच ठेवा, ट्रकची वेगळी. वहीत नाव, ठेकेदार, काम, मोबाइल, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ. प्रत्येकानं आपली सही आपणच करायची. मुकादमानं वीस जणांच्या नावापुढे एका दमात टिका मारल्या की ती वही पगारापुरतीच उरते.

बोटाचे ठसे घेणारं मशीन घेणार असाल तर जरा थांबा. सिमेंटनं गवंड्याच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, मशीन त्याला ओळखत नाही आणि सकाळी आठला फाटकावर रांग लागते. त्यापेक्षा नंबरचा बिल्ला बरा. फाटकाजवळ 'बाहेर' आणि 'आत' अशा दोन फळ्या, त्यांवर खिळे. येताना बिल्ला 'आत'वर, जाताना 'बाहेर'वर. जेवायला गेलात तरी हलवायचा, बिडी ओढायला गेलात तरी हलवायचा. चहा मात्र आतच द्यावा.

परांची, लिफ्टचा खड्डा, खोल खोदाई इथं सगळ्यांना मोकळीक नको. ज्याला तिथले धोके समजावून दिलेत त्याच्याच हेल्मेटवर रंगीत पट्टी लावा. पट्टी नसेल तर प्रवेश नाही. ठेकेदाराच्या मेव्हण्यालाही नाही. वही फाटकावरच राहू द्या. ऑफिसच्या कपाटातली वही आग लागली की कपाटातच राहते.

मजुराचाही यात फायदा आहे. बांधकाम मजुरांसाठीच्या सरकारी कल्याण मंडळात नोंदणीसाठी मागच्या वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा पुरावा लागतो, तिथं ही वही उपयोगी पडते.

संध्याकाळी कुलूप लावण्याआधी 'आत'च्या फळीकडे बघा. बिल्ला उरलाय? बहुतेकदा माणूस तो हलवायला विसरून घरी गेलेला असतो. पण आधी त्याला फोन लावा, मुकादमाला विचारा, मजल्यांवर हाक मारून या. बिल्ला त्यानंतरच हलवायचा.