खोली दोघांची, प्रवासी एक

(माहितीपटाचं निवेदन. जहाजावरची सगळी दृश्यं एकट्याने क्रूझला गेलेल्या पुण्याच्या एका काकांनी स्वतःच्या फोनवर घेतलेली. पुण्यातली आमच्या कॅमेऱ्याची.)

(दृश्य : ओली, शेवाळलेली काँक्रीटची भिंत. हळूहळू खाली सरकतेय. काही क्षण आवाज तसाच राहू द्या.)

भिंत खाली चाललीय असं वाटतं. खरं म्हणजे जहाज वर चढतंय.

हा पनामा कालवा, अटलांटिककडची बाजू, गाटूनचे लॉक, म्हणजे जहाज वर चढवणारे दरवाजांचे हौद. या जुन्या लॉकची रुंदी साडेतेहेतीस मीटर आणि काकांचं जहाज सव्वाबत्तीस मीटर रुंद. म्हणजे दोन्ही अंगांना जेमतेम दोन-दोन फूट जागा. काठावर रुळांवरून चालणारी विजेची इंजिनं दिसतायत, त्यांना इथे खेचरं म्हणतात. जहाज पुढे जातं ते मुख्यतः स्वतःच्या इंजिनावर. खेचरांचं काम त्याला तारांनी ताणून मधोमध धरायचं, भिंतीला घासू द्यायचं नाही.

(दृश्य : लॉकचे पोलादी दरवाजे मिटतात. पाण्याला उकळी फुटल्यासारखी.)

पाणी चढवायला पंप नाही. वरच्या तळ्याचं पाणी उताराने खालच्या हौदात येतं, एका हौदाला सुमारे एक लाख घनमीटर. असे तीन टप्पे, की जहाज समुद्रापासून २६ मीटर उंचीवरच्या गाटून तळ्यात तरंगायला लागतं. १५ ऑगस्ट १९१४ ला कालवा सुरू झाला, तेव्हापासून हेच चाललंय. तळं पावसावर भरतं. खडकवासल्याने तळ गाठला की पुण्यात पाणीकपात होते. २०२३ साली इथे पाऊस कमी झाला, तेव्हा जहाजांची कपात झाली.

काका पहाटे पाचपासून डेकवर आहेत. बाकीचे प्रवासी आलटून पालटून येतात, एक जण जागा धरतो, दुसरा नाश्ता करून येतो. काकांची जागा धरायला कोणी नाही. म्हणून त्यांनी नाश्ताच केला नाही.

अजून एक गंमत त्यांनी टिपलीय. जहाज अटलांटिकमधून पॅसिफिककडे निघालंय, म्हणजे आपल्या हिशेबाने पश्चिमेला. पण पनामाची जमीन इथे अशी वाकडी वळलीय, की कालव्याचं पॅसिफिककडचं तोंड अटलांटिककडच्या तोंडापेक्षा पूर्वेला येतं. सकाळचं ऊन जहाजाच्या नाकावर पडतंय ते त्यामुळे.

(दृश्य : पुणे, बुधवार पेठ. अरुंद गाळा. टेबलावरचा दिवा. भिंगातून दिसणारं घड्याळाचं पोट.)

काका घड्याळजी. नाव सांगायचं नाही, ही त्यांची अट. तीन हात रुंद गाळा, आधी वडिलांचा, मग त्यांचा. डोळ्याला भिंग लागलं की काका बोलायचे थांबतात. त्यामुळे या दृश्यात मुलाखत नाही, नुसते हात आहेत.

हे एचएमटीचं ‘जनता’. चावीचं घड्याळ, सतरा खड्यांचं. आधी मागचं झाकण. मग बॅलन्स चाक उचलायचं, त्याला केसासारखी बारीक स्प्रिंग लटकलेली असते, ती चिमट्यात दुमडली की घड्याळ संपलं. सगळे भाग पेट्रोलमध्ये धुवायचे, ब्रशने पुसायचे, परत बसवायचे. शेवटी तेल. सुईच्या टोकावर राहील एवढंच. जास्त झालं तर पसरतं, कमी झालं तर भाग झिजतो. ‘तेल वाळतं म्हणून आमचा धंदा चालतो,’ असं काका म्हणायचे. मग लोकांनी मनगटाकडे बघणंच सोडलं. एचएमटीचं घड्याळखातंही २०१६ मध्ये बंद झालं.

गाळा विकला. त्या पैशांतून हा प्रवास.

(दृश्य : रेवसचा धक्का, भरतीची वेळ. आपल्या संग्रहातलं जुनं चित्रण.)

काकांच्या घरी समुद्राचं नाव काढायची सोय नव्हती. आई रेवसच्या बाजूची. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आईच्या गावातही त्या रात्री दारोदार रडारड होती. पुढे पुण्यात राहायला आल्यावर ती मुळा-मुठेच्या पुलावरूनसुद्धा मुलांचा हात धरून जायची. ती होती तोवर काकांनी एलिफंटासुद्धा पाहिलं नाही.

तसा समुद्र ओलांडणं हा पुण्याला जुना विषय. १८८३ साली आनंदीबाई जोशी नवऱ्याला मागे ठेवून कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा वयाची अठरा नुकतीच पुरी झाली होती. १९२९ मध्ये सत्तरी ओलांडलेले अण्णासाहेब कर्वे जगप्रवासाला बाहेर पडले. दोघांनाही कोणी विचारलं नसेल की खोलीतला दुसरा पलंग कोणाचा.

(दृश्य : टूर एजंटकडून आणलेलं माहितीपत्रक. काकांचं बोट छोट्या अक्षरांतल्या ओळीवर.)

ही ओळ नीट वाचा. ‘दर प्रतिव्यक्ती, दोघांच्या निवासावर आधारित.’ क्रूझचा सगळा हिशेब या एका ओळीवर उभा असतो. खोली बांधली दोघांसाठी, भाडं धरलं दोघांचं. एकटा आला तर तो अधिभार भरतो, कुठे पन्नास टक्के, कुठे थेट शंभर. शंभर टक्के म्हणजे रिकाम्या गादीचं पूर्ण तिकीट. गादी जेवत नाही, नाटकाला जात नाही, चादर मळवत नाही. तरी तिकीट.

कंपन्यांना दुसरं काही सुचत नाही असं नाही. २०१० मध्ये ‘नॉर्वेजियन एपिक’ या जहाजावर एकट्यांसाठी म्हणून १२८ छोट्या खोल्या बांधल्या. नंतर आणखी काहींनी बांधल्या, पण मोजक्या, आणि त्या सगळ्यात आधी संपतात. काकांना मिळाली नाही. त्यांनी बिनखिडकीची आतली खोली घेतली, दुप्पट भरून.

(दृश्य : मुंढव्याचं पासपोर्ट सेवा केंद्र, बाहेरून. मग टेबलावर पसरलेली कागदपत्रं.)

आणि मग कागद. आपल्याकडे लोकांना वाटतं, जहाजाचं तिकीट काढलं की झालं. भारतीय पासपोर्टला तसं नाही. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, प्रत्येकाचा व्हिसा वेगळा, आणि तो निघायच्या आधी हातात पाहिजे. बंदरावर उतरायचं नसलं तरी व्हिसा नाही म्हणून जहाजावरच घेत नाहीत, असं होतं. पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी. तिचं पिवळं कार्ड मात्र २०१६ पासून जन्मभर चालतं, एवढा दिलासा. बँकेचं पत्र, विमा, परतीचं विमान. प्रत्येक अर्जात सोबतच्या प्रवाशाचा रकाना. काकांनी प्रत्येक ठिकाणी आडवी रेघ मारलीय, पट्टी लावून.

(दृश्य : ग्रिनिच वेधशाळा. काचेआडचं मोठं, चांदीच्या घरातलं घड्याळ. काका खूप वेळ फोन स्थिर धरून आहेत; काटू नका.)

जहाज साउदॅम्प्टनहून सुटायचं होतं. त्याआधी काका लंडनला या एका वस्तूसाठी थांबले. हे जॉन हॅरिसनचं चौथं घड्याळ, एच-फोर. व्यास साधारण तेरा सेंटीमीटर, वजन दीड किलोच्या आत.

समुद्रात आपण पूर्व-पश्चिम कुठे आहोत हे कळायला घरची वेळ अचूक माहीत असावी लागते. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. इथली दुपार आणि घरची वेळ यांतला फरक कळला, की रेखांश कळला. पण हेलकाव्यात, दमट हवेत टिकेल असं घड्याळच नव्हतं. १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने वीस हजार पौंडांचं बक्षीस लावलं. हॅरिसन मूळचा सुतार. त्याचं हे घड्याळ १७६१ मध्ये जमैकाला निघालं आणि एक्क्याऐंशी दिवसांत फक्त पाच सेकंद मागे पडलं.

हॅरिसनची पहिली तीन घड्याळं तिथे चालू आहेत. एच-फोर बंद ठेवलंय. कारण तेल. आधीच्या तिघांना तेल लागत नाही, याला लागतं, आणि चालवलं तर झिजेल. काकांनी पाटी वाचली. चित्रणात मागे त्यांचा आवाज येतो तो तसाच ठेवलाय : ‘बरोबर केलंय.’

(दृश्य : खोली. दोन उशा. दोन उशांवर दोन चॉकलेटं. कपाटात दोन लाइफ जॅकेट.)

सगळं दोन-दोन आहे. रोज रात्री दोन चॉकलेटं. काकांनी तक्रार केली नाही, पैसे भरलेले होते.

(दृश्य : डेकवर कवायत. भोंगा.)

सात छोटे आणि एक लांब. ही धोक्याची खूण, जगातल्या सगळ्या प्रवासी जहाजांवर हीच. २०१२ च्या कोस्टा कॉनकॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या अपघातानंतर नियम कडक झाला. आता ही कवायत जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणी उरकावी लागते.

अटलांटिकमध्ये सुरुवातीला काकांना बोट लागली. पुण्याहून नेलेला आलेपाक कामाला आला. याचं चित्रण नाही.

(दृश्य : दोन मनगटं शेजारी शेजारी.)

डाव्या हातावर जहाजाची वेळ, उजव्या हातावर ‘जनता’, पुण्याची वेळ. तिला रोज सकाळी चावी, पण काट्यांना हात लावायचा नाही. पश्चिमेला जाताना थोड्या थोड्या दिवसांनी रात्री घड्याळं एक तास मागे करा अशी चिठ्ठी खोलीत येते आणि दिवस पंचवीस तासांचा होतो. नीट पाहिलं तर दोन्ही घड्याळांचे मिनिटकाटे कायम एकमेकांच्या समोर आहेत. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, त्यातला तो अर्धा तास काही जुळत नाही.

(दृश्य : जेवणाचं दालन. आठ जणांचं टेबल.)

टेबलावर तीन जोडपी, लिव्हरपूलची एक निवृत्त नर्स आणि काका. जोडपी आपापसात बोलायची, त्यामुळे या दोघांना बोलावंच लागलं. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमाराला कंपन्या जहाजं एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात हलवतात, तेव्हा खोल्या रिकाम्या राहतात आणि एकट्यावरचा अधिभार उतरतो, ही माहिती तिची. वाढायला एक मुलगा होता, तो सावंतवाडीचा निघाला. ‘काका, आमच्या मेसमध्ये डाळ-भात असतो, उद्या तुमच्यासाठी वाटीभर आणतो.’ आणला. काकांनी फोडणीला नावं ठेवली, आणि डाळ रोज मागवली.

(दृश्य : ब्रिजटाउन, बार्बाडोस. पांढरी व्हॅन, अंगावर तपकिरी-लाल पट्टा. आतलं संगीत पूर्ण आवाजात.)

बंदराच्या दारात टॅक्सी उभ्या असतात. भाडं गाडीचं, माणसाचं नाही, चौघांनी वाटून घ्यायचं. काका चालत निघाले. थोड्याच अंतरावर केन्सिंग्टन ओव्हल. २९ जून २०२४ ला भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून विश्वचषक जिंकला तो इथेच. दार बंद होतं. पहारेकऱ्याने नुसतं विचारलं, ‘इंडिया?’ आणि सूर्यकुमारने झेल घेतला ती कड गजातून बोटाने दाखवली.

मग व्हॅन. भाडं साडेतीन बार्बाडोस डॉलर, कुठेही उतरा. काकांनी दोन अमेरिकन डॉलर दिले, अर्धा बार्बाडोस डॉलर परत आला. चौघांच्या बाकावर पाच जण, मांडीवर एका बाईची मासळीची पिशवी. ऑइस्टिन्सच्या मासळीबाजारापर्यंत हे असंच. त्याच वेळी जहाजाच्या वातानुकूलित बसमधून सहप्रवासी तोच किनारा काचेतून पाहत होते, कितीतरी पट पैसे देऊन. ही दोन्ही दृश्यं आम्ही मुद्दाम शेजारी ठेवलीयत.

जहाजाच्या सहलीची एक सोय मात्र मान्य करावी लागेल. त्यांची बस अडकली तर जहाज थांबतं. एकटा उशिरा आला तर थांबत नाही. शिवाय परतायची वेळ सांगतात ती जहाजाच्या घड्याळाची. बंदरावरचं घड्याळ तासाने वेगळं असू शकतं आणि फोन आपोआप बंदराची वेळ दाखवायला लागतो. लोक फसतात ते इथे. काका फसायचा प्रश्न नव्हता.

(होनोलुलूचं चित्रण नाही. काका तापाने खोलीत होते. जहाजाच्या डॉक्टरचं बिल विम्याने निम्मंच दिलं. नकाशावरून थेट सामोआ.)

(दृश्य : पागो पागो, हिरवे उभे डोंगर. मग आपिया. मध्ये जहाजाचे दोन कार्यक्रमपत्रक.)

एका पत्रकावर सोमवार, दुसऱ्यावर बुधवार. मधला कागद छापलाच नाही.

पागो पागो अमेरिकन सामोआत, आपिया स्वतंत्र सामोआत. अंतर सव्वाशे किलोमीटर. मधून वाररेषा जाते, ती ओलांडली की वार बदलतो. सामोआ पूर्वी रेषेच्या अमेरिकेकडच्या बाजूला होता. व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी, आणि तिथे सोमवार उजाडला की इथे रविवार. म्हणून २०११ साली त्यांनी बाजू बदलली. त्या वर्षी सामोआत ३० डिसेंबर आलाच नाही.

घड्याळजीच्या दृष्टीने मजा अशी, की दोन्ही बेटांत बरोबर चोवीस तासांचा फरक. म्हणजे काट्यांना हातही लावावा लागत नाही. काकांचा मंगळवारचा उपास तेवढा गेला.

(दृश्य : सिडनीचा पूल, विमान, पुणे. तीन झटपट तुकडे.)

गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मुलीला हा खर्च पटला नव्हता, अधूनमधून बोलते.

(दृश्य : काकांचं घर, संगणकाचा पडदा. सलग दृश्य, काट नाही.)

काका पुढच्या एप्रिलचं जहाज शोधतायत. प्रवासी किती, या रकान्यात आधीच दोन भरलेलं असतं. एकूण रक्कम पाहा. आता काका दोनचं एक करतात. मधलं चाक फिरतंय. रक्कम पुन्हा पाहा. भाडं तेवढंच आहे, कमी झालंय ते फक्त बंदराचं शुल्क, कारण ते डोईमागे असतं.

‘तेवढे तर तेवढे,’ म्हणून काका पुढच्या रकान्यात फोन नंबर भरतात.