तात्पुरत्या फाईलला नाव कशाला?

मित्रहो, नमस्कार. आयोजकांनी विषय दिलाय तो प्रोग्रॅममधल्या तात्पुरत्या फायली नीट कशा हाताळाव्यात, हा. त्यातलं एकच म्हणणं मला आज तुमच्या गळी उतरवायचंय: तात्पुरत्या फाईलला शक्यतो नावच ठेवू नका.

अशा फायली का लागतात, हे तुम्हाला सांगायला नको. डेटा मेमरीत मावत नाही, म्हणून तुकडे सॉर्ट करून डिस्कवर टाकायचे आणि मग एकत्र करायचे. युनिक्सची सॉर्ट कमांड हेच करते. बहुतेकांच्या कोडमध्ये शेवटच्या ओळीत डिलीट असतं. त्या ओळीपर्यंत प्रोग्रॅम पोचेलच कशावरून? मेमरी संपली म्हणून लिनक्सनं प्रोसेस मारली, कुणी किल मायनस नाईन, म्हणजे तडकाफडकी मारायची आज्ञा दिली, की तुमचा फायनली ब्लॉक, म्हणजे शेवटची आवराआवर करणारा कोडसुद्धा चालत नाही. फाईल तिथेच पडून राहते, नावासकट.

नावाचा त्रास किती लांब जातो, याची एक गोष्ट सांगतो. माझी फार आवडती आहे, थोडी सविस्तर सांगू द्या. एसक्यूलाइट हा डेटाबेस तुमच्या प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. वेगळा सर्व्हर नाही, कुणाच्याही प्रोग्रॅमच्या पोटात बसतो. कामाच्या ओघात तोही तात्पुरत्या फायली करतो आणि पूर्वी त्यांची नावं ‘एसक्यूलाइट’नंच सुरू व्हायची. पुढे मॅकअॅफीनं आपल्या अँटिव्हायरसमध्ये एसक्यूलाइट वापरायला घेतला. झालं! विंडोजवाल्यांना सी ड्राइव्हच्या टेम्प फोल्डरमध्ये या फायली दिसायला लागल्या. आपण तर असलं काही टाकलेलं नाही, मग हे आलं कुठून? लोक चिडले. गूगलवर ते नाव शोधलं, एसक्यूलाइट बनवणाऱ्यांचे फोन नंबर सापडले, आणि लोकांनी रात्री फोन करून त्यांना झोपेतून उठवलं! ज्यांनी तो अँटिव्हायरस बनवलाही नव्हता आणि विकलाही नव्हता, त्यांना. शेवटी त्यांनी नावाची अक्षरं उलटी केली: ई, टी, आय, एल, क्यू, एस. हे सगळं त्यांच्या सोर्स कोडमधल्या कॉमेंटमध्ये लिहिलेलं आहे, तारीख ३१ ऑक्टोबर २००६. घरी जाऊन जरूर वाचा. इतकी प्रामाणिक कॉमेंट क्वचित वाचायला मिळते.

त्यांनी केलं ते योग्यच. पण फाईल दिसत होती, कारण तिला नाव होतं. आणि नाव दिसतं तिथे ते आधी ओळखताही येतं. तात्पुरत्या फायलींची टीएमपी डिरेक्टरी सगळ्यांची सामाईक. तुमचा प्रोग्रॅम कुठलं नाव वापरणार याचा अंदाज बांधून कुणी तिथे आधीच सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाईलकडे वळवणारी पाटी लावून ठेवली, तर तुमचा डेटा भलत्याच फाईलवर लिहिला जातो. म्हणून सी भाषेतलं टीएमपीनॅम हे फंक्शन वापरू नका. ते नुसतं नाव सुचवतं. एमकेएसटेम्प हे फंक्शन फाईल तिथल्या तिथे तयार करून उघडूनच हातात देतं, परवानगी फक्त मालकाला.

चिठ्ठी आलीये, वेळ संपत आला. मूळ मुद्दा भराभर सांगतो.

युनिक्समध्ये नाव म्हणजे डिरेक्टरीतली एक नोंद. फाईल उघडा आणि लगेच अनलिंक करा, म्हणजे ती नोंद खोडा. नाव गेलं, फाईल उघडी आहे तोवर जिवंत. प्रोग्रॅम कसाही मेला तरी कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, त्याचा डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाईलचा दुवा, बंद करतो आणि जागा मोकळी होते. मांडव उतरवायचं काम मांडव घालतानाच ठरलं. लिनक्स ३.११ पासून, म्हणजे २०१३ पासून, फाईल उघडताना द्यायचा ओ-टीएमपीफाईल हा फ्लॅग आहे. त्यात फाईल जन्मतःच निनावी. विंडोजवर फाईल उघडताना डिलीट-ऑन-क्लोज हा फ्लॅग द्या, बंद होताच ती पुसली जाते. एक खबरदारी: डिस्कवरची उरलेली जागा सांगणारी डीएफ कमांड म्हणते डिस्क भरली आणि फायलींची बेरीज करणाऱ्या डीयूला काहीच सापडत नाही, तेव्हा अशीच निनावी फाईल कुणीतरी धरून बसलेलं असतं. उघड्या फायलींची यादी देणाऱ्या एलएसओएफनं शोधा.

आता वेगाबद्दल. डेटा लहान असेल तर डिस्कवर जाऊच नका. पायथनमधली स्पूल्ड टेम्पररी फाईल ठरवलेल्या मर्यादेपर्यंत मेमरीतच राहते. उलट, डेबियन या लिनक्समध्ये आवृत्ती १३ पासून टीएमपी मुळातच रॅममध्ये असते. तिथे अवाढव्य व्हिडिओ टाकाल तर मेमरी खाल. मोठ्या फायली व्हार-टीएमपी या डिस्कवरच्या डिरेक्टरीत.

नाव लागतंच अशी एक जागा आहे: जुन्या फाईलच्या जागी नवी आणायची असते तेव्हा. तात्पुरती फाईल त्याच डिरेक्टरीत करा, लिहा, एफसिंक करा, म्हणजे डेटा खरोखर डिस्कवर उतरेल, मग रिनेम, म्हणजे जुन्या फाईलचं नाव तिला द्या. दुसऱ्या फाईलसिस्टीमवर केलीत तर रिनेम चालणारच नाही.

जावावाल्यांचा प्रश्न मघाशी राहिला: प्रोग्रॅम संपताना फाईल पुसणारं डिलीट-ऑन-एक्झिट वापरावं का? डिलीट-ऑन-एक्झिट महिनोन्महिने चालणाऱ्या सर्व्हरमध्ये वापरू नका. ते प्रत्येक फाईलचा पाथ व्हीएम, म्हणजे जावा चालवणारं यंत्र, बंद होईपर्यंत मेमरीत साठवत राहतं. फाईल उघडताना द्यायच्या स्टँडर्ड-ओपन-ऑप्शनमध्ये डिलीट-ऑन-क्लोज आहे, ते द्या.