आर्किटेक्ट नक्की कुणाचा? घर बांधतानाच्या दोन करारांबद्दल

नमस्कार मंडळी. इथे बसलेल्या बऱ्याच जणांचा प्लॉट घेऊन झालाय, कुणाचा प्लॅन सँक्शनला आहे, कुणाचं काम प्लिंथपर्यंत आलंय, त्यामुळे मी साईटवर भांडण जिथून सुरू होतं तिथूनच बोलतो. मी आयुष्यभर बांधकामाची बिलं तपासली आणि मालकांच्या तोंडून एक वाक्य सतत ऐकलं, "साहेब, फी मी देतो आणि तुम्ही कॉन्ट्रॅक्टरची बाजू घेता?" आर्किटेक्ट गप्प बसतो, मालकाच्या मनात कायमची अढी बसते, आणि खरं सांगायचं तर दोघांनीही आपण कशावर सही केलीय ते नीट वाचलेलं नसतं.

करार दोन असतात. एक मालक आणि आर्किटेक्टचा, दुसरा मालक आणि कॉन्ट्रॅक्टरचा. आर्किटेक्ट आणि कॉन्ट्रॅक्टर यांच्यात करार नसतोच. पण दुसऱ्या करारात सही नसूनही आर्किटेक्ट पानोपानी असतो. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचा, म्हणजे आर्किटेक्टांच्या संस्थेचा, या कराराचा जो छापील नमुना आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरतात त्यात ड्रॉइंग देणं, बदल सांगणं ही कामं तो तुमच्या वतीने करतो, पण कॉन्ट्रॅक्टरचं बिल किती रकमेचं पास करायचं आणि मुदत वाढवून द्यायची का, हे ठरवताना त्याने दोघांशी सारखंच वागायचं असतं. म्हणजे तुमचा माणूस, पण बिलावर सही करताना फक्त तुमचा नाही. हे एवढं डोक्यात बसलं की निम्मी भांडणं होतच नाहीत.

मग त्याने चूक केली तर? १९७४ साली इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्ससमोर, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टासमोर, सटक्लिफ विरुद्ध थॅकरा ही केस आली होती. एका माणसाने घर बांधायला काढलं, आर्किटेक्टने खराब कामाचे पैसेही बिलात पास केले, नंतर बिल्डरचं दिवाळं निघालं आणि मालकाने आर्किटेक्टवर दावा लावला. आर्किटेक्टचं म्हणणं, मी न्यायाधीशासारखा मधे होतो, माझ्यावर दावा कसा चालेल? कोर्टाने ते मानलं नाही. दोघांशी न्यायाने वागायचं हे खरंच, पण निष्काळजीपणे सर्टिफिकेट, म्हणजे इतके पैसे द्या असा सहीचा दाखला, दिलं तर मालकाला जबाब द्यावाच लागेल.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, आर्किटेक्टच्या सर्टिफिकेटशिवाय कॉन्ट्रॅक्टरच्या हातात पैसे देऊ नका. दिवाळीला मजुरांना वाटायचेत, सेंटरिंगवाला दारात उभा आहे, असं म्हणत मागतात आणि आपण भिडेखातर देतो. माझ्या माहितीतल्या एका कुटुंबाने असे सुटे सुटे पैसे दिले, काही रोख, काही मुलाच्या खात्यातून, दुसऱ्या स्लॅबनंतर काम थांबलं तेव्हा झालेल्या कामापेक्षा जास्त पैसे गेलेले होते आणि किती गेले ते घरात कुणालाच धड सांगता येईना. त्यांच्या हिशेबाची वही मला आजही आठवते.

आता रेट. आपल्याकडे सगळं "स्क्वेअर फुटाला इतके" वर चालतं. पण कुठला स्क्वेअर फूट? पोर्च अर्धा धरायचा की पूर्ण, बाल्कनी, जिन्यावरची खोली, वरची पाण्याची टाकी, कंपाउंड वॉल यात आहे का नाही, हे लिहिलेलंच नसतं आणि मग शेवटच्या बिलाला ते सगळं एकदम वर येतं. आयटमवार रेट, म्हणजे बीओक्यू (प्रत्येक कामाचं माप आणि दर लिहिलेली यादी) असेल तर कितीतरी बरं, पण तिथेही मापं कशी घ्यायची ते लिहा. "मापं आयएस १२०० प्रमाणे" एवढी एक ओळ पुरते, बांधकामाची मापं कशी घ्यायची याचं ते भारतीय मानक आहे. उदाहरण सांगतो, चार बाय चार फुटांच्या खिडकीचं प्लास्टर. मालक म्हणतो भोक आहे तर दोन्ही बाजूंनी वजा करा, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो आतल्या कडा आम्ही केल्या त्याचे वेगळे द्या. आयएस १२०० म्हणतं, अर्धा ते तीन चौरस मीटरचं भोक असेल तर एकाच बाजूची वजावट करायची आणि कडांचे वेगळे पैसे नाहीत. संपला विषय.

एक्स्ट्रा आयटम, म्हणजे करारात नसलेलं जादा काम, तोंडी सांगू नका. "तोंडी सांगितलं होतं, आता पैसे देणार नाही" हेही चालत नाही बरं का, कारण १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७० आहे, समोरच्याने फुकट करायच्या इराद्याने केलेलं नसेल आणि तुम्ही त्याचा फायदा घेतला असेल तर मोबदला द्यावा लागतो. मग रेट भांडणात ठरण्यापेक्षा आधी कागदावर ठरलेला बरा.

उशिराचंही तसंच. करारात आठवड्याला अमुक दंड लिहिलेला असतो, पण त्याच करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे तो आकडा ही वरची मर्यादा असते, कोर्ट त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढी भरपाई देतं. आणि कलम ५५ तर फार कमी लोकांना माहीत आहे. मुदत हा कराराचा गाभा असेल, ती उलटली आणि तुम्ही काही न बोलता उशिराचं काम स्वीकारलंत, तर त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. स्वीकारतानाच नोटीस द्यावी लागते. दोन ओळींचं पत्र द्या, पण द्या.

गळतीबद्दल विचारलं होतं मघाशी कुणीतरी. फ्लॅट घेणाऱ्याला रेरामध्ये, म्हणजे बिल्डरांवरच्या रिअल इस्टेट कायद्यात, ताब्यापासून पाच वर्षं दोषदुरुस्तीचं संरक्षण आहे, पण स्वतःच्या प्लॉटवर कॉन्ट्रॅक्टर लावून बांधलेल्या घराला ते लागत नाही. तिथे करारात जो डिफेक्ट लायबिलिटीचा, म्हणजे काम संपल्यावर निघालेले दोष कॉन्ट्रॅक्टरने दुरुस्त करून द्यायचा, काळ असेल तेवढाच मुख्य आधार, म्हणून त्यात एक अख्खा पावसाळा यायलाच हवा आणि रिटेन्शनचा, म्हणजे बिलांतून राखून ठेवलेल्या रकमेचा, शेवटचा हप्ता त्यानंतरच सोडा.

एक शेवटचं. जुन्या नमुन्यात "वाद झाल्यास आर्किटेक्टचा निर्णय अंतिम" किंवा तोच लवाद, म्हणजे कोर्टाऐवजी वादाचा निकाल देणारा, असं कलम सापडेल. लवाद कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर एका बाजूचा सल्लागार, म्हणजे तुमचा आर्किटेक्टही, लवाद होऊ शकत नाही, वाद उभा राहिल्यावर दोघांनी लेखी मान्य केलं तरच होतो. २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन आर्किटेक्ट्सच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने पुढे असंही म्हटलं, की निकालात ज्याचा हितसंबंध आहे त्याने एकट्याने लवाद नेमायचाही नाही. तेव्हा घरी गेल्यावर आपापला करार काढा, ते कलम शोधा, आणि सही अजून व्हायची असेल तर दोघांच्या संमतीने नेमलेला तिसरा माणूस असं लिहून घ्या. सही झाली असेल तर तो कागद मला चहाच्या वेळी दाखवा, मी थांबलोय.