थम लावला? मग पावती घ्या

श्रोतेहो, नमस्कार.

आज रेडिओवर बोलायला मला विषय दिलाय ‘डिजिटल ओळख आणि तिची सुरक्षितता’. नाव जड आहे, पण वस्तू तुमच्या घरातल्याच आहेत. पत्र्याच्या पेटीत, कॅरीबॅगमध्ये, सातबारा आणि रेशनकार्डाच्या मधे ठेवलेलं आधार कार्ड, पोराच्या मोबाइलवर येणारा ओटीपी आणि तुमचा स्वतःचा अंगठा. आपल्या मराठवाड्याच्या भाषेत थम. केवायसी म्हणजे काय, हे मी समजावून सांगत बसणार नाही. पीक विमा, अतिवृष्टीचं अनुदान, लाडकी बहीण, रेशन, शेतकरी ओळख क्रमांक... तुम्ही इतक्यांदा केवायसी केली आहे की तुम्हीच मला शिकवाल.

मी दोनच गोष्टी सांगणार आहे आणि त्या पुन्हा पुन्हा सांगणार आहे. थम म्हणजे सही. आणि थम लावला की पावती घ्यायची. थम म्हणजे सही, थम लावला की पावती.

हे मला कोणी शिकवलं ते आधी सांगतो. मी बँकेत नोकरी केली. शेवटची काही वर्षं बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका शाखेत होतो. आमची निम्मी खाती ऊसतोडीला जाणाऱ्यांची. दसरा झाला की गाव रिकामं. कोयते निघायचे, मुकादमाच्या टोळ्या निघायच्या, आणि पाडव्याच्या मागेपुढे माणसं परत आली की शाखेत पाय ठेवायला जागा नसायची.

अशाच एका एप्रिलात एक मावशी आल्या. वय साठीच्या आसपास. म्हणाल्या, “सायेब, दोन हजार कमी दाखवायलंय बुकात.”

मी खातं उघडलं. गावातल्या ग्राहक सेवा केंद्रातून, म्हणजे बँकेच्या वतीने थमावर पैसे देणाऱ्या दुकानातून, एकाच दिवशी दोन हजार निघालेले, आणि चार मिनिटांनी परत दोन हजार. मी म्हणालो, “मावशी, दोनदा काढलेत तुम्ही.”

“एकदाच घेतले. पहिल्यांदा थम येईना गेला म्हून दुसऱ्यांदा लावला.”

त्यांनी हात पुढे केला. अंगठ्यावर रेषाच नव्हत्या. पाच-सहा महिने कोयत्याची मूठ धरलेला हात. वर पाचटाच्या पात्यांनी चिरलेला. काचेसारखा गुळगुळीत झाला होता अंगठा. असा थम मशीनला लवकर उमटत नाही, हे खरं आहे.

पण मी काय म्हणालो? माझ्यापुढे पंधरा माणसं उभी होती. मी म्हणालो, “मावशी, तुमच्या थमाशिवाय पैसे निघतात का? थम तुमचाच आहे ना? मग पैसेही तुम्हीच घेतले.” आणि पुढच्या माणसाला बोलावलं. त्या काही बोलल्या नाहीत. पदर सावरला आणि गेल्या.

चार दिवसांनी, बाजारच्या दिवशी, त्या परत आल्या. या वेळी रांगेत थांबल्या नाहीत, थेट माझ्या टेबलाशी. कमरेची चंची सोडली, तिच्यातून एक पुडी काढली आणि माझ्यासमोरच्या कोऱ्या कर्जफॉर्मवर पुडीतली सगळी मिश्री ओतली. मला ठसका लागला. मग तो रिकामा, चुरगळलेला कागद माझ्या हातात दिला.

“वाचा.”

ती मशीनची पावती होती. दुकानात ज्या गुळगुळीत कागदावर पावती मिळते ना, तो कागद गरम झाला की काळा पडतो. मिश्री तव्यावरून काढून गरमगरमच बांधलेली, म्हणून अर्धा कागद काळा झाला होता. पण उरलेल्या अर्ध्यावर तारीख होती, वेळ होती, दोन हजारांचा आकडा होता. आणि खाली इंग्रजीत ‘सक्सेसफुल’. वेळ होती पहिल्या व्यवहाराची.

मावशी म्हणाल्या, “पहिल्यांदा थम लावला तवा ह्यो कागद निघाला. केंद्रावरचं पोरगं म्हणलं, थम येईना गेलाय मावशे, पुन्हा लाव. अन् कागद टोपलीत टाकला. मी उचलला. म्हणलं मागनं कोरा हाय, मिश्रीला होतोय.”

म्हणजे पहिल्यांदाच थम उमटला होता. पैसेही निघाले होते. मशीन ‘हो’ म्हणालं होतं, पोरगं ‘नाही’ म्हणालं होतं. मावशींना मशीनचं वाचता येत नव्हतं, म्हणून पोराचं खरं धरलं गेलं.

मी त्या मुलाला रजिस्टर घेऊन बोलावलं. रजिस्टरला त्या दिवशी मावशींच्या नावे नोंद एकच. तो म्हणाला, “साहेब, नेट गेलं होतं. मला वाटलं फेल झालं.” आता खरंच वाटलं असेल का? मला नाही वाटत. पण समजा वाटलं असेल, तरी मग पावती टोपलीत का? दोन हजार त्याने तिथेच दिले. मग आम्ही इतर खाती चाळली. तीन-चार मिनिटांच्या अंतराने सारख्याच रकमेच्या जोड्या आणखी निघाल्या. सगळी झिजलेल्या हातांची माणसं. त्याचं केंद्र बंद झालं.

मावशींनी जाताना टेबलावरची मिश्री गोळा करून पुन्हा कागद मागितला. मी म्हणालो, हा कागद आता बँकेचा झाला, दुसरा देतो.

ही गोष्ट मी कुठेही सांगतो. घरचे कंटाळलेत. पण मला तिच्यात मिश्रीपेक्षा माझंच वाक्य जास्त ठसक्याचं वाटतं: “थम तुमचाच आहे ना?”

हे वाक्य फार जुनं आहे, श्रोतेहो. १८५८ साली बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या तळहाताचा ठसा घेतला. कशासाठी? तर पुढे त्याने ‘ही सही माझी नाही’ म्हणू नये म्हणून. जगातलं पहिलं बोटांच्या ठशांचं कार्यालयही आपल्याच देशात, कलकत्त्याला, १८९७ साली निघालं. म्हणजे गरिबाचा अंगठा पहिल्यापासून त्याला ‘नाही’ म्हणता येऊ नये म्हणून घेतला गेला. सावकाराच्या वहीवर तेच झालं. आता मशीनवर तेच होतंय, एवढंच.

म्हणून म्हणतो, थम म्हणजे सही. दुसऱ्यांदा थम लावला म्हणजे दुसरी सही केली.

आता मशीनमध्ये काय होतं, ते थोडक्यात. आधारवरून पैसे काढताना पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. बँकेचं नाव, आधार नंबर आणि थम, बस्स. त्यात सोय आहे, म्हातारीला तालुक्याला जावं लागत नाही. पण धोकाही तिथेच आहे. एटीएमचा पिन फुटला तर नवा घेता येतो, थम नवा कुठून आणणार? जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून, त्यांचे सिलिकॉनचे नकली अंगठे बनवून लोकांचे पैसे काढल्याचे गुन्हे देशात नोंद झालेत. त्यावर उपाय म्हणून आधारच्या यंत्रणेने २०२३ मध्ये बोट जिवंत आहे की नकली, हे ओळखणारी तपासणी आणली. रिझर्व्ह बँकेनेही २०२५ च्या जूनमध्ये नियम काढले, की केंद्र चालवणाऱ्या माणसाची बँकेने नीट चौकशी केली पाहिजे. हे १ जानेवारी २०२६ पासून लागू आहे. उशीर झाला, पण झालं.

तुम्ही स्वतः काय करू शकता? थमाला कुलूप लावता येतं. आधारच्या ॲपवर किंवा वेबसाइटवर बायोमेट्रिक लॉक करा. मग कुणी तुमचा ठसा आणला तरी तो चालत नाही. गरज पडली की थोड्या वेळापुरता उघडायचा, तो आपोआप परत बंद होतो. फुकट आहे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांनी आजच करा.

पण इथे मी जरा थांबतो. कुलूप लावलं आणि रेशन दुकानात थम लावायचा असेल तर? दुकानासमोर उभं राहून कुलूप उघडणार कोण? मावशींकडे बटणांचा फोन. त्यांच्या आधारला नंबर जोडलाय पोराचा. पोरगं पुण्याला, चाकणच्या कंपनीत. कुलूप उघडायचा ओटीपी जातो चाकणला, शिफ्ट सुरू असते, फोन लॉकरमध्ये असतो. लाडक्या बहिणीच्या केवायसीच्या वेळी आमच्या गल्लीत अशा किती बाया बसून होत्या, काय सांगू. म्हणून ज्या पोरांनी आईच्या आधारला स्वतःचा नंबर जोडलाय, त्यांना माझी विनंती आहे: आईला स्वतःचं सिम घेऊन द्या आणि तो नंबर आधारला आणि बँकेच्या खात्यालाही जोडा. पैसे निघाल्याचा मेसेज आईच्या फोनवर आला पाहिजे, तुमच्या नाही.

आणि जन्मतारखेचं तर विचारूच नका. आमच्या वर्गात बाराजणांचा वाढदिवस १ जूनला. गुरुजींनी शाळेत घालताना जी सोयीची वाटली ती तारीख टाकली. आधारवर वय सांगून नाव नोंदवलेल्यांचा वाढदिवस १ जानेवारी. नावांचं त्याहून अवघड. निजामाच्या राजवटीतले कागद उर्दूत आणि मोडीत, तिथून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत येता येता एकाच आजोबांची तीन नावं होतात. कंप्यूटरला ती तीन माणसं वाटतात. मग तहसीलला चकरा. सुरक्षितता वगैरे नंतर, आधी माणूस एक आहे हे तरी ठरू द्या. असो, मी विषय सोडून चाललोय.

थम येतच नसेल तर? आधार काढताना दहाही बोटं आणि दोन्ही डोळे घेतलेले असतात. म्हणून अंगठाच लावला पाहिजे असं नाही, दुसरं बोट लावून बघा, डोळ्याचं मशीन आहे का विचारा. आता चेहऱ्यावरूनही ओळख पटते. पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो. झिजलेल्या हातांसाठी हे चांगलं आहे. फक्त फोन दुसऱ्याच्या हातात असेल तर तो कशासाठी चेहरा घेतोय, हे विचारा. कारण चेहरा दाखवणं हीसुद्धा सहीच.

झेरॉक्सचं एका वाक्यात सांगतो: लॉजवर, सिम घेताना, कुठेही आधारची पूर्ण झेरॉक्स सोडू नका. शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार डाउनलोड करता येतं, ते द्या. मी स्वतः एका बसस्टँडवर कुणाच्या तरी आधारच्या झेरॉक्समध्ये बांधलेली भजी खाल्ली आहेत. माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण भजीवाल्यापर्यंत पोचायला वेळ लागेल.

काचेपलीकडून वेळ संपत आल्याची खूण होतेय. दोन नंबर लिहून घ्या. पैसे गेले तर १९३०, मिठाच्या सत्याग्रहाचं साल. लगेच लावा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. आणि बँकेलाही लगेच लेखी कळवा. आधारची काही अडचण असेल तर १९४७. आपल्या मराठवाड्याला स्वातंत्र्य १७ सप्टेंबर १९४८ ला मिळालं, तेरा महिने उशिरा, पण नंबर मात्र १९४७ च लावायचा.

आणि मावशी? पुढच्या वर्षी पाडव्यानंतर त्या त्यांच्या टोळीतल्या सात-आठ बायांना घेऊन शाखेत आल्या. प्रत्येकीच्या हातात पावत्या. कुणाची बटव्यात, कुणाची पदराच्या गाठीत. माझ्या टेबलावर सगळ्या पावत्या ठेवल्या आणि म्हणाल्या, “सायेब, मिश्री नाही बांधली. वाचा आता एकेक.”

नमस्कार.