चाळीस नट

(पडदा काळा. फक्त आवाज.)

हा आवाज मोटरसायकलच्या पेट्रोल टाकीतला आहे. मिस्त्रींनी टाकी पोटाशी धरली आहे आणि ते ती हलवतायत. आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग उलटी करून. आत बोल्टचे चाळीस नट आहेत. मोजून टाकलेले. जितके आत गेले तितके बाहेर आले पाहिजेत, हा त्यांचा नियम.

(कसबा पेठ, सकाळ. दुकानाचं फळकूट उघडतं.)

पलीकडच्या गल्लीत तांबट आळी. तिथली ठोकाठोक इथपर्यंत ऐकू येते. तांब्याचा बंब असो की घंगाळ, चिंच लावून घासलं की डाग जातो, हे पुण्यातल्या जुन्या घरांत लहान मुलालाही माहीत असायचं. आंबट पदार्थ धातूवरचा मळ सोडवतो. आज इथे टाकीतला गंज काढायचा आहे, त्याचं मूळ त्या चिंचेतच आहे, फक्त धातू वेगळा आणि घाई करायची नाही.

(रोडकिंग, ताडपत्रीखालून बाहेर.)

ही येझदी रोडकिंग. हे मॉडेल १९७८ साली आलं. तिचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. ही गाडी माझ्या वडिलांची. ते गेल्यापासून अकरा वर्षं ती आमच्या वाड्याच्या बोळात उभी होती. टाकीत दोन-तीन लिटर जुनं पेट्रोल राहिलेलं.

(टॉर्चचा उजेड टाकीच्या तोंडातून आत.)

टू-स्ट्रोक गाडी. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. गाडी रोज फिरत होती तोवर त्या ऑइलचा पातळसा हात आतल्या पत्र्यावर फिरत राहायचा आणि गंजाला शिरकाव नव्हता. गाडी उभी राहिली की ऑइल निथळून खाली जातं, वरचा पत्रा उघडा पडतो. टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं, त्यातून टाकी श्वास घेते. दुपारी तापली की हवा बाहेर टाकते, रात्री गार झाली की दमट हवा आत ओढते. टाकी जितकी रिकामी तितकी ही ये-जा जास्त. आत आलेल्या दमटपणाचे थेंब होतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाला जाऊन बसतं.

आता हा कॉक बघा, टाकीखालची पेट्रोलची तोटी. ही जी उभी नळी आहे, ती टाकीच्या तळापासून थोडी वर उभी राहते. रिझर्व्हची सोय तशीच असते. पण त्याचमुळे तळाचं पाणी गाडीला कधी मिळत नाही आणि बाहेरही पडत नाही. चासीच्या पाइपावर टाकी खोगिरासारखी बसते, दोन्ही बाजूंना दोन पोटं लोंबतात. पोटांच्या त्या कोपऱ्यांतच पाणी वर्षानुवर्षं मुक्काम करतं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं.

(काळपट पाणी बादलीत. नट ताटलीत पडतात.)

गंजावरचं पहिलं काम नटांचं. सुटी झालेली गंजाची पापडी ते झाडून काढतात. त्याच्याआधी गरम पाणी आणि धुण्याची पावडर दोनदा, म्हणजे जुन्या पेट्रोलचा चिकटा जातो आणि वासही जातो. पेट्रोलचा वास असलेल्या टाकीजवळ मिस्त्री विजेची वायरसुद्धा येऊ देत नाहीत.

ताटलीत एकोणचाळीस आले.

(बराच वेळ. तार, चुंबक, टाकीचं तोंड.)

हा वेळ आम्ही कापलेला नाही. तारेच्या टोकाला स्पीकरचं चुंबक बांधलंय. डाव्या पोटाचा मागचा कोपरा, तिथे पत्र्याचा सांधा येतो. तिथेच तो अडकला होता.

(ताटलीत एक आवाज.)

चाळीस.

(अंगण. टाकी लाकडी ठोकळ्यांवर.)

कॉकचं भोक सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि बोल्ट लावून बंद केलं. आता पाणी, काठोकाठ. चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. तोंडातून लोखंडी सळई सोडली, तिच्याभोवती रबरी बूच, कारण सळई टाकीला टेकली तर सगळा खेळ संपला. बॅटरीच्या चार्जरची उणे वायर टाकीला, अधिक सळईला. ही जोडणी उलटी झाली तर सळईऐवजी टाकी खाल्ली जाईल. सळई साधीच हवी. स्टेनलेस स्टील घातलं तर त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं, ते विषारी असतं.

(जवळून: टाकीच्या तोंडाशी फेस.)

हे बुडबुडे म्हणजे हायड्रोजन. म्हणून हे काम अंगणात, उघड्यावर, आणि आसपास विडीकाडी नाही. आत तांबडा गंज काळा पडतोय, भुसभुशीत होतोय, पत्र्याची पकड सोडतोय. दर तीन-चार तासांनी सळई बाहेर काढून खरवडायची. बघा तिच्यावर काय चढलंय. संध्याकाळ झाली, रात्र झाली, मिस्त्री दोनदा उठून आले.

सळईला जिथे टाकीचा पत्रा समोर दिसतो तिथेच वीज नीट काम करते. पोटांचे कोपरे तिच्या नजरेआड राहतात. त्यांच्यासाठी लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ऍसिड. वाणसामानाच्या दुकानात मिळतं तेच. लिटरला पन्नास ग्रॅम, कोमट पाण्यात. टाकी एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर.

दोन वर्षांपूर्वी मी हीच टाकी एका गॅरेजमध्ये दिली होती. तिथे संडास धुवायचं ऍसिड ओतून तासाभरात चकचकीत करून दिली. चौथ्या दिवशी आतून पुन्हा केशरी. ते ऍसिड गंज खातं तसा चांगला पत्राही खातं, आणि त्यातलं क्लोराईड बारीक खाचांत राहिलं की गंजाला परत बोलावतं. तळाला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं ते तेव्हाच. ब्रेझिंग करून, म्हणजे पितळ वितळवून, ते बुजवलंय.

(पाणी ओतलं जातं. घड्याळ.)

आता खरी कसोटी. ओला उघडा पत्रा हवेत पाच-दहा मिनिटांत तांबूस होऊ लागतो. दोन दिवसांची मेहनत चहा प्यायला बसल्यावर जाऊ शकते. म्हणून सगळं आधीच हाताशी मांडलंय. खायच्या सोड्याचं पाणी, आंबट मारायला. साधं पाणी. लगेच स्पिरिट, कारण ते पाण्याला सोबत घेऊन उडतं. लगेच ब्लोअर. मिस्त्री या वेळात कुणाशी बोलत नाहीत.

(ब्लोअरचा आवाज. थांबतो. टॉर्च.)

राखाडी. कोरा पत्रा.

वाटीभर टूटी (2T) ऑइल, पेट्रोलमध्ये मिसळायचं तेच, आत, आणि टाकी पुन्हा पोटाशी. आता आत नट नाहीत, म्हणून आवाज नाही. आतून लेप देणारेही आहेत. मिस्त्री देत नाहीत. लेप सुटला की त्याची सालपटं कॉकमध्ये अडकतात, आणि मग ती टाकी पुन्हा कधी नीट साफ करता येत नाही. जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी नव्या नकली टाक्याही मिळतात. मिस्त्रींनी एक आणून शेजारी ठेवली होती. दोन्ही बोटाने वाजवल्या.

(दोन आवाज, एकामागोमाग.)

काळं पाणी गटारात सोडलं नाही, बॅरलमध्ये ठेवलंय.

(रोडकिंग. गिअरचा खटका वर वळवून किक.)

या गाडीत गिअर आणि किक एकाच दांडीवर. तिसऱ्या किकला लागली.

(खडकवासल्याच्या बाजूचा रस्ता. मग एक टपरी.)

कॉक आणि कार्बोरेटरच्या मधे पारदर्शक फिल्टर लावलाय. शंभर किलोमीटर झाल्यावर दाखवायला या, असं मिस्त्री म्हणाले होते. पण त्यांना राहवलं नाही, ते मागच्या सीटवर बसून आमच्याबरोबर आले. सिंहगडाच्या पायथ्याशी गाडी थांबवली. त्यांनी फिल्टर काढला, उन्हाकडे धरला, बराच वेळ फिरवून बघितला, आणि परत लावला.