काका, थरथर जाणवतेय का?

हा जो काटा डॉक्टर तळहातावर आपटतायत ना, तो आपण शाळेच्या लॅबमधे बघितलेला नादकाटाच. 128 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 128 वेळा थरथरणारा. डायबेटिसमधे पायाच्या नसा शाबूत आहेत का, हे त्याने तपासतात. आधी ह्या पेशंट काकूंच्या मनगटावर टेकवला, काय ओळखायचंय ते कळावं म्हणून. आता डोळे मिटायचे. काटा पायाच्या अंगठ्याच्या हाडावर. मधेच एकदा न वाजवताच टेकवतात, बघा, काकू फसल्या नाहीत!

मायक्रोस्कोपखाली हा चिरलेला कांदा वाटतोय, पण ही आहे थरथर ओळखणारी, कातडीच्या खोल थरातली पॅसिनी कणिका. इटलीच्या फिलिप्पो पॅसिनीला 1831 मधे शवविच्छेदन करताना हाताच्या नसांवर हे बारके दाणे दिसले, तेव्हा तो वीस वर्षांचाही नव्हता. लांबी साधारण एक मिलिमीटर. हळू दाबलं तर कांद्याचे पदर तो दाब गिळून टाकतात, भरभर थरथर मात्र आतल्या नसेच्या तंतूपर्यंत पोचते, 200-300 हर्ट्झला तर सगळ्यात जास्त. गंमत म्हणजे थरथर हाडाकातडीतून पसरत जाते त्यामुळे एकच कणिका अख्ख्या बोटाची खबर घेते, म्हणजे थरथर आहे हे पक्कं, पण नेमकी कुठे यात ती कच्ची. जागेचं काम वरच्या थरातल्या माइसनर कणिका जास्त चांगलं करतात, पण त्यांना कमी वेगाची फडफड लागते.

ह्या दोन मोटर जुन्या मोबाईलमधल्या. एकाच्या हातावर थोड्या अंतराने चिकटवल्या, एकदम चालू केल्या आणि विचारलं कुठे, तर पठ्ठ्याने मधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं! एकीचा जोर वाढवला की ती जागा तिकडे सरकते. 1961 चं नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ बेकेशी यांनी कान कसा चालतो हे समजायला कातडीवर असेच प्रयोग केले होते.

आता हे काका, शुगर बरीच वर्षं. अंगठा... नाही. घोटा... नाही. नडगीवर आल्यावर मान हलली. डायबेटिसमधे सगळ्यात लांब नसा आधी जातात, म्हणून सुरुवात बोटांपासून. मग चप्पल निसटलेली कळत नाही, खडा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते, कधी बोट कापावं लागतं.

ह्या तपासणीला वीज लागत नाही, मशीन लागत नाही, दोन-चार मिनिटं लागतात. शुगरचा रिपोर्ट सगळे बघतात हो, पण मोजे काढा असं किती जण म्हणतात?

परत नडगी. काका म्हणतात, थांबलं. डॉक्टरांनी तोच काटा स्वतःच्या अंगठ्यावर टेकवलाय. अजून थरथरतोय.